लस, वेस आणि गावकूस

१

रोगाला जात नसते, असे २०२० साली सर्वांनी सर्वांना सांगितले. मंत्र्यांनी सांगितले, डॉक्टरांनी सांगितले, वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांनीही सांगितले. विषाणूपुरते ते खरेच होते. विषाणू शरीरात शिरताना जातीचा दाखला मागत नाही. परंतु माणूस रोगापर्यंत कोणत्या वाटेने जातो आणि औषध माणसापर्यंत कोणत्या वाटेने येते, या दोन्ही वाटा समाजाने बांधलेल्या असतात. त्या वाटांवर वेस आहे. वेशीवर पहारा आहे. कोणाला आत घ्यावयाचे आणि कोणाला गावकुसाबाहेर ठेवावयाचे, हे त्या पहाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहे. या वाटांचा इतिहास मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

मी जालना जिल्ह्यातील एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिलाच. त्यामुळे पुस्तकातला इतिहास आणि घरात ऐकलेला इतिहास यांच्यातली दरी मला रोज ओलांडावी लागते. साथींच्या बाबतीत ही दरी फारच रुंद आहे. आमच्या पाठ्यपुस्तकांत प्लेग येतो तो एका खुनाच्या निमित्ताने. २२ जून १८९७, पुणे, प्लेग कमिशनर रँड. विद्यार्थी तारीख पाठ करतो, चापेकर बंधूंची नावे लिहितो आणि गुण मिळवतो. गोरे सोजीर घराघरांत शिरले, त्यांनी देवघरे विटाळली, बायाबापड्यांना रस्त्यावर उभे करून तपासले, हा संताप खोटा नव्हता. ती सक्ती क्रूरच होती. परंतु ज्यांना देवघर तर सोडाच, पाण्याची विहीरही नव्हती, त्यांचा प्लेग कोणी लिहिला? मैला कोणी वाहिला, प्रेते कोणी उचलली, नवी लस प्रथम कोणाच्या दंडात गेली, हे प्रश्न आमच्या प्रश्नपत्रिकेत येत नाहीत.

रँडवर गोळी झाडली गेली त्याआधी तीन महिने, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले प्लेगाने गेल्या. त्यांचे दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याजवळ हडपसरच्या बाजूस, ससाणे यांच्या माळावर रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आणले. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना लागण झाली आणि त्या गेल्या. एकाच शहरातल्या, एकाच वर्षातल्या या दोन घटना आहेत. एक राष्ट्राचा इतिहास झाली. दुसरी आम्हाला आमच्या चळवळीने सांगितली. सार्वजनिक आरोग्य या शब्दाचा अर्थ मला विचाराल तर तो या दुसऱ्या घटनेत आहे. स्पर्श निषिद्ध असलेल्या शरीराला पाठीवर घेणे, हा त्याचा पहिला पाठ होय.

२

'लस' हा शब्दच मोठा बोलका आहे. फोडातून, जखमेतून जो चिकट द्रव पाझरतो त्याला आपल्या आयाबाया लस म्हणतात. आज शीतपेटीतून, काचेच्या कुपीतून येणारे औषध आपण त्याच शब्दाने ओळखतो. शब्दाने जपलेली ही आठवण खरी आहे. सुरुवातीला लस ही माणसाच्या दंडातूनच काढीत असत.

एडवर्ड जेन्नरने १७९६ मध्ये गोस्तनदेवीच्या लशीचा प्रयोग केला. ती हिंदुस्थानात आणावयाची तर प्रश्न पडला की, महिनोन्‌महिन्यांच्या प्रवासात ती जिवंत राहणार कशी? उत्तर निघाले माणसांची साखळी. एकाच्या दंडावर फोड आला की त्यातील लस दुसऱ्याच्या दंडात, त्याच्या दंडातून तिसऱ्याच्या. अशा साखळीने बगदाद, बसरा करीत ती मुंबईला पोहोचली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत आना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली आणि यशस्वी झाली. तिच्या दंडातून ती मुंबईतल्या इतर मुलांकडे व तेथून पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास अशी पसरत गेली. स्पेनच्या राजाने १८०३ मध्ये अमेरिका खंडाकडे लस पाठवली तेव्हा जहाजावर बावीस अनाथ मुलगे घेतले होते. समुद्र ओलांडेपर्यंत लस जिवंत ठेवणारी ती चालतीबोलती भांडी होती. त्यांच्या आईबापांची परवानगी विचारण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्यांना आईबाप नव्हते.

आपल्याकडे ही भांडी कोणाची मुले झाली? लस देणारे मूल पुढच्या गावी नेण्यासाठी सरकारी टोचणाऱ्यांना गरिबांचीच मुले मिळत. पुष्कळदा ती अस्पृश्य जातींची असत. त्यांच्या आईबापांना चार पैसे दिले जात. मग उच्चवर्णीयांची तक्रार सुरू झाली, की खालच्या जातीच्या पोराच्या अंगातला द्रव आमच्या मुलांच्या अंगात जातो, आमचा धर्म बुडतो. एकोणिसाव्या शतकातील लसीकरणाच्या अहवालांतून ही तक्रार पुनःपुन्हा येते. ज्या शरीराची सावली नको, त्याच शरीरातले संरक्षण मात्र दंडात येऊन पोहोचले होते. जातिव्यवस्थेच्या सर्व शास्त्रार्थाला एका फोडाने दिलेले हे उत्तर होते. पुढे वासराच्या अंगावर लस वाढविण्याची पद्धत आली. तेव्हा वासराला जखम करण्यावरूनही आक्षेप निघाले. पण गाईसाठी जेवढी हळहळ झाली, तेवढी दंड सोलून घेणाऱ्या त्या पोरांसाठी कोणी केल्याचे दिसत नाही.

येथे एक सूत्र हाती लागते व ते पुढे सव्वादोनशे वर्षे तुटत नाही. प्रयोगाला ज्यांचे शरीर सर्वांत आधी, संरक्षणाला त्यांचे शरीर सर्वांत शेवटी.

३

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन मुंबईला आले. ओडेसा येथे जन्मलेला हा ज्यू शास्त्रज्ञ. धर्म बदलशील तर विद्यापीठात जागा देऊ, असे त्याच्या देशाने त्याला सांगितले होते. त्याने धर्म बदलला नाही, देश सोडला. जन्माच्या नावाखाली दार बंद होणे म्हणजे काय, हे त्याला कोणी शिकवावे लागले नव्हते. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत त्याने प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. या धैर्यापुढे नतमस्तक व्हावयास हवे.

परंतु त्याच महिन्याच्या अखेरीस पुढचा प्रयोग झाला तो भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर. त्याआधी पटकीच्या लशीचे त्याचे प्रयोग कलकत्त्याच्या बस्त्यांत आणि आसामच्या चहामळ्यांतील मजुरांत झाले होते. कैदी स्वेच्छेने पुढे आले असे म्हटले जाते. ज्याला दार उघडून बाहेर जाता येत नाही त्याच्या स्वेच्छेला किती अर्थ द्यावयाचा, याचा विचार वाचकांनीच करावा. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे एका दूषित बाटलीमुळे एकोणीस माणसे धनुर्वाताने दगावली. हाफकिनला निलंबित केले गेले आणि तो निर्दोष ठरावयास १९०७ साल उजाडले. लशीबद्दलची भीती ही नुसत्या अडाणीपणातून येत नाही, तिला असा इतिहासही असतो. तो झाकून ठेवला की अफवेचे फावते.

मुंबईच्या प्लेगमध्ये आणखी एक गोष्ट घडली आणि कामगार कार्यकर्त्यांनी ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे. महानगरपालिकेचे कमिशनर स्नो यांनी रुग्णांना सक्तीने वेगळे करण्याचे हुकूम काढले, परंतु थोड्याच दिवसांत ते सैल केले. कारण त्यांना भीती होती की, शहराचा मैला वाहणारे हलालखोर आणि झाडूवाले या सक्तीला घाबरून मुंबई सोडतील. ते गेले तर शहर राहण्याजोगे उरणार नाही, हे साहेबाला स्पष्ट दिसत होते. हिंदुस्थानातील सर्वांत श्रीमंत शहराची किल्ली त्या दिवसांत झाडूवाल्याच्या हातात होती. ही गोष्ट सरकारला कळली, पण ज्यांच्या हातात किल्ली होती त्यांच्यापर्यंत ती पोहोचू दिली गेली नाही.

प्लेगने पुढील पंचवीसेक वर्षांत या देशात एक कोटीच्या आसपास माणसे नेली. त्यातच १९१८ चा इन्फ्लुएन्झा आला. त्याच्यावर लस नव्हती, म्हणजे लशीच्या वाटपात अन्याय होण्याचा प्रश्न नव्हता. तरीही मुंबई शहरातील त्या साथीच्या मृत्यूंचे आकडे पाहा. दर हजारी युरोपियन ८.३, पारशी ९, मुसलमान १९.२, सवर्ण हिंदू १८.९ आणि ज्यांना त्या काळच्या कागदांत खालच्या जातीचे हिंदू म्हटले आहे ते ६१.६. एकच शहर, एकच विषाणू आणि मृत्यूत सातपट अंतर. हे अंतर अन्नाचे आहे, हवेशीर खोलीचे आहे, पाण्याचे आहे, आजारी असतानाही कामावर जावे लागण्याचे आहे. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळ भरली, तेव्हा त्यांनी मानवी हक्काचा जाहीरनामाच मांडला. पण सार्वजनिक आरोग्याच्या विद्यार्थ्यानेही तो प्रसंग आपल्या शास्त्राच्या इतिहासात लिहून ठेवावयास हवा. स्वच्छ सार्वजनिक पाण्यापासून माणसाला दूर ठेवणे म्हणजे त्याला पटकीच्या हवाली करणे होय.

४

आमचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. जालना हे औरंगाबाद जिल्ह्यातले ठाणे. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. मुंबई इलाख्याचे कायदे येथे लागू नव्हते आणि मुंबईच्या सोयीही येथे पोहोचल्या नव्हत्या. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी वसविलेले बेथेल आणि मिशनचा दवाखाना असे अपवाद सोडले, तर महारवाड्यात, मांगवाड्यात रोगाचा एकच वैद्य होता. ती मरीआई.

पटकीची साथ आली की गाव वर्गणी काढी. मरीआईचा लाकडी गाडा सजविला जाई. त्यात नारळ, लिंबे, हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, चोळीचा खण. पोतराज अंगावर कोरडे ओढी. हलगी वाजे. सारे गाव तो गाडा ओढत शिवेपर्यंत नेई आणि शिवेपलीकडे सोडून परत फिरे. शेजारच्या गावाला सुगावा लागला की ते रातोरात तो गाडा आपल्या शिवेतून पुढच्या गावच्या शिवेत ढकली. असा गाडा गावोगाव फिरे आणि त्याच्याबरोबर पटकीही फिरे. पोतराज कोण? बहुधा मांग किंवा महार. रोग घालवण्याचा मान त्याचा, अंगावर फटके त्याचे, आणि गाडा ज्या वाटेने बाहेर पडे त्या वाटेवरची वस्तीही पुष्कळदा त्याचीच. गाव आपला रोग त्याच्या दारावरून बाहेर काढी.

या प्रथेला अंधश्रद्धा म्हणून आपण मोकळे होतो. ती अंधश्रद्धा आहेच. परंतु देवीच्या कोपापेक्षाही त्या गाड्यात एक खोल श्रद्धा बसलेली होती. माझ्या शिवेबाहेर गेले की संकट संपले, ही ती श्रद्धा होय. ती श्रद्धा अशिक्षित खेड्यापुरती नाही. २०२१ साली तिने पाश्चात्त्य देशांच्या राजधान्यांत कारभार केला.

या श्रद्धेचा पराभव जगाने एकदा केलेला आहे, हेही विसरता कामा नये. माझ्या आजीच्या दंडावर देवीची लस टोचल्याचा मोठा वण होता. आमच्या पिढीच्या दंडावर तो वण नाही, कारण तो रोगच जगात उरला नाही. भारतात १९६२ मध्ये देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९६७ पासून जागतिक आरोग्य संघटनेने मोहीम तीव्र केली. अमेरिका आणि सोव्हिएत रशिया एकमेकांवर अण्वस्त्रे रोखून बसले होते, तरी या कामात ते एकत्र होते. रशियाने शंभर कोटींहून अधिक मात्रा देणगी म्हणून दिल्या. दोन टोकांची ती छोटी सुई ज्या कंपनीने काढली, तिने जागतिक आरोग्य संघटनेसाठी आपल्या हक्कशुल्कावर पाणी सोडले. भारतातील देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये आसामातील करीमगंज येथे सापडला. ती होती रेल्वेच्या फलाटावर राहून भीक मागणारी एक निराधार स्त्री. तिच्यापर्यंत पोहोचल्याखेरीज काम पुरे होणार नव्हते. म्हणून सारी सरकारी यंत्रणा त्या फलाटापर्यंत गेली. या मोहिमेत शेवटी शेवटी जबरदस्तीही झाली, दारे फोडून माणसे टोचली गेली, हे लपवण्याचे कारण नाही. पण तिचे गणित बरोबर होते. जगातला शेवटचा माणूस सुरक्षित झाल्याशिवाय पहिला माणूस सुरक्षित नाही. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य सभेने देवीचा रोग संपल्याची घोषणा केली.

५

त्या घोषणेला बरोबर चाळीस वर्षे झाली त्या पहाटे, ८ मे २०२० रोजी, करमाडजवळ रेल्वेच्या रुळावर सोळा मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. ते मध्य प्रदेशातील शहडोल-उमरियाकडचे, जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे. टाळेबंदीत काम गेले, म्हणून घराकडे जाणारी गाडी मिळेल या आशेने जालन्याहून भुसावळकडे रुळारुळाने चालत निघाले आणि थकून रुळावरच झोपले. त्यांना कोरोना मारू शकला नाही. तरी साथीच्या बळींत मी त्यांना मोजतो. १८९७ चा साथरोग कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला होता. त्या कायद्यात सरकारला काय करता येईल ते लिहिले आहे. सरकारने मजुराचे काय देणे लागते ते त्यात कोठेच नाही.

लस आली तेव्हा जालना जिल्हा बातम्यांत होता. २ जानेवारी २०२१ रोजी राज्यात लसीकरणाची रंगीत तालीम झाली, त्या चार जिल्ह्यांत पुणे, नागपूर, नंदुरबार यांच्यासोबत जालना होता. १६ जानेवारीला मोहीम सुरू झाली. दिल्लीत पहिली लस एका सफाई कर्मचाऱ्याला देण्यात आली. त्याचे छायाचित्र देशभर गाजले. मला त्या छायाचित्राचा आनंद झाला आणि शंकाही आली. हा मान की पुन्हा तोच जुना क्रम, हे पुढच्या महिन्यांवरून ठरणार होते.

पुढचे महिने असे होते. १ मे २०२१ पासून अठरा ते चव्वेचाळीस वयोगटासाठी नवे धोरण आले. निम्मी लस केंद्राकडे, पाव राज्यांकडे, पाव खाजगी रुग्णालयांकडे. सीरमच्या एकाच लशीचे तीन भाव झाले. केंद्राला १५० रुपये, राज्यांना ३००, खाजगी रुग्णालयांना ६००. नोंदणी कोविन संकेतस्थळावर, म्हणजे हातात स्मार्टफोन हवा, त्यात जाळे हवे, आणि जागा उघडतात त्या क्षणी बोट चालवता आले पाहिजे. मी आमच्या वस्तीतल्या माणसांची नावे माझ्या फोनवर भरीत बसे. जागा उघडत आणि मिनिटभरात भरत. मग आमच्या तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रासमोर शहरातून आलेल्या मोटारी उभ्या दिसत आणि गावातला मजूर कुंपणाबाहेरून पाहत राही. आरोग्य केंद्र त्याच्या गावातले, रांग मात्र दुसऱ्यांची. यात मोटारीतल्या माणसाला दोष देऊन भागत नाही, तोही जिवाच्या भीतीनेच आला होता. दोष त्या रचनेचा, जिने लशीची वाट फोनमधून काढली. ३१ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे सशुल्क धोरण सकृद्दर्शनी मनमानी आणि तर्कविसंगत असल्याचे म्हटले, आणि २१ जूनपासून केंद्राने पंचाहत्तर टक्के लस स्वतः घेऊन मोफत देण्यास सुरुवात केली. तरी खाजगी रुग्णालयांचा पाव हिस्सा राहिलाच. तेथे कोव्हॅक्सिनची एक मात्रा कमाल १४१० रुपयांना. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २४८ रुपये होती. एका मात्रेला जवळजवळ पावणेसहा दिवसांचे काम.

आमचे लोक लशीला भितात, असे शहरातले मित्र मला सांगत. भीती होती, अफवाही होत्या. परंतु वस्तीत बसून ऐकले तेव्हा निराळे ऐकू आले. एक बाई मला म्हणाल्या, "सर, सुईला कोन भितंय? दोन दिस ताप आला तं रोज कोन देनार?" हे अज्ञान म्हणता येईल काय? हा चोख हिशोब आहे. नोकरदाराला ताप आला तर त्याची रजा भरते. ऊसतोडीवरून, सरकी वेचून, मिलमधून आलेल्या माणसाचा ताप त्याच्या चुलीतून वसूल होतो. लशीबरोबर दोन दिवसांची मजुरी दिली असती, तर वस्तीतल्या अर्ध्या शंका त्याच दिवशी फिटल्या असत्या, असे माझे मत आहे. आणि हा हिशोब ऐकून, पुन्हा पुन्हा दारात जाऊन, माणसांना केंद्रापर्यंत आणले ते आशाताईंनी. राज्यातील सुमारे सत्तर हजार आशा स्वयंसेविका जून २०२१ मध्ये मानधनासाठी संपावर होत्या. साथीच्या ऐन भरात ज्यांच्या खांद्यावर मोहीम उभी होती, त्यांना सरकारदरबारी कामगार हे नावही नव्हते.

६

आता जगाकडे पाहू. १८ जानेवारी २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी दोन आकडे शेजारी ठेवले. एकोणपन्नास श्रीमंत देशांत तीन कोटी नव्वद लाखांहून अधिक मात्रा टोचल्या गेल्या होत्या. अतिगरीब देशांपैकी एकाच देशात पंचवीस. पंचवीस हजार नव्हे, पंचवीस. त्याच सुमारास पुण्यात बनलेली लस दक्षिण आफ्रिकेला मात्रेमागे ५.२५ डॉलरला पडली. युरोपीय संघ हीच ऑक्सफर्डची लस सव्वादोन डॉलरांच्या आत घेत होता. या लशीच्या चाचण्यांसाठी दक्षिण आफ्रिकेतील माणसांनी आपले दंड पुढे केले होते. शंभर वर्षांपूर्वीचे भायखळा आणि चहामळे आठवावेत. सूत्र तेच राहिले. २०२१ संपताना आफ्रिका खंडात पूर्ण लसीकरण झालेली माणसे शंभरात दहाही नव्हती. श्रीमंत देश तिसरी मात्रा वाटीत होते.

आपल्या देशालाही या हिशोबातून सुटता येत नाही. जानेवारीत आपण लसमैत्रीचे ढोल वाजविले. दुसरी लाट आली, मार्चअखेर निर्यात थांबली, आणि पुण्याच्या लशीवर विसंबलेली गरीब राष्ट्रे उघड्यावर पडली. आपल्याकडे माणसे प्राणवायूवाचून मरत होती, त्यामुळे थांबवणे समजण्याजोगे होते. पण हा प्रसंग यावा, जगातील गरिबांच्या लशीचा भार एका खाजगी कारखान्यावर पडावा, हे काही विधिलिखित नव्हते. परळचे हाफकिन सार्वजनिक होते. कसौली, कुन्नूर, गिंडी येथील लशींचे सरकारी कारखाने होते. त्या तिन्हींचे परवाने जानेवारी २००८ मध्ये निलंबित झाले आणि ते परत मिळावयास दोन वर्षे लागली. हाफकिनच्या महामंडळाला कोव्हॅक्सिन बनविण्याची परवानगी मिळाली ती एप्रिल २०२१ मध्ये, दुसरी लाट डोक्यावर असताना. घर पेटल्यावर विहीर खणावयास घेतली.

लशीचे ज्ञान कोणाचे, हा यातला मुख्य प्रश्न आहे. जालन्याच्या माणसाला तो समजावून सांगण्यासाठी मला पेटंट कायद्याचा ग्रंथ लागत नाही, बियाण्याचे पाकीट पुरते. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको स्थापन केली आणि हे गाव देशभर बियाण्यांसाठी ओळखले जाऊ लागले. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला मान्यता मिळाली. ४५० ग्रॅमच्या पाकिटाला सुमारे १६०० रुपये पडत. त्यात बियाण्यापेक्षा तंत्रज्ञानाचे शुल्क जड होते. आंध्र प्रदेश सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेले तेव्हा २००६ मध्ये पाकीट ७५० रुपयांवर आले. म्हणजे भाव हा निसर्गनियम नव्हता. सरकार भांडले आणि तो निम्म्याहून खाली आला. कुपीचेही असेच आहे. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर मक्ता नाकारला होता. जागतिक व्यापार करारापायी तो दरवाजा २००५ मध्ये बंद झाला. २ ऑक्टोबर २०२० रोजी भारत आणि दक्षिण आफ्रिका यांनी मिळून मागणी केली की, साथ असेपर्यंत हे मक्ते बाजूला ठेवा. शंभरांहून अधिक देशांनी पाठिंबा दिला. युरोपने पाय ओढले. जून २०२२ मध्ये जे हाती आले ते लशीपुरते आणि तेही कोरभर. ऑक्सफर्डच्या लशीचे संशोधन मुख्यतः सार्वजनिक पैशावर झालेले. ज्ञान सर्वांच्या पैशाने जन्मले आणि बारशाला मात्र एकाचेच नाव लागले. २० मे २०२५ रोजी जागतिक आरोग्य सभेने महासाथीविषयीचा करार संमत केला. परंतु रोगजंतूंचे नमुने देणाऱ्या देशांना लशीत वाटा किती, हा कळीचा भाग त्या दिवशीही पुढच्या वाटाघाटींवर टाकण्यात आला. नमुना आधी, वाटा मागाहून.

ज्ञानावरचा मक्ता ही गोष्ट आम्हाला नवीन नाही. कोणी काय ऐकावे, कोणी काय वाचावे हे ठरविणाऱ्या व्यवस्थेत आमच्या शेकडो पिढ्या गेल्या. म्हणून पेटंटविरुद्धची लढाई ही वकिलांची आणि राजदूतांची लढाई आहे असे समजून आपण बाजूला राहता कामा नये. तसेच लशीलाच शत्रू मानण्याच्या भूलथापेलाही बळी पडता कामा नये. विज्ञान आमचे आहे. त्या साखळीत आमच्या पोरांचे दंड आहेत, त्या प्रयोगांत आमची शरीरे आहेत. आम्ही मागतो ते दान नव्हे, आमच्या गुंतवणुकीचा हिस्सा आहे.

शिक्षक, विद्यार्थी आणि कार्यकर्ते यांनी करण्याजोगी कामे पुष्कळ आहेत. आपापल्या वस्तीत २०२० ते २०२२ या काळात कोण गेले, कशाने गेले, दवाखाना किती अंतरावर होता, लस कोणत्या महिन्यात मिळाली, याची वही आताच करावयास हवी. माणसे आहेत तोवर हे होईल. १९१८ चे जातवार आकडे इंग्रजांनी ठेवले म्हणून आज आपण बोलू शकतो. कोविनच्या नोंदीत वय आणि लिंग आहे, जातीचा रकाना नाही. रोगाला जात नसते हे वाक्य त्या रिकाम्या जागेत सुखाने राहते. दुसरे, प्राथमिक आरोग्य केंद्रातील रिकाम्या जागा, आशाताईंचे वेतन आणि लशीच्या दिवसाची मजुरी हे विषय आपल्या मोर्च्यांच्या फलकांवर आले पाहिजेत. राज्यघटनेच्या सत्तेचाळिसाव्या अनुच्छेदाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरविले आहे. ते वाक्य आपल्यासाठीच लिहिलेले आहे. तिसरे, सरकारी लस कारखाने पुन्हा उभे करण्याची मागणी विद्यार्थी संघटनांनी आपली मानली पाहिजे.

पुढची साथ येणार आहे. कोणत्या देशातून येईल हे सांगता येत नाही. पण कोणत्या वस्तीत ती आधी शिरेल आणि लस शेवटी पोहोचेल, हे मात्र आजच सांगता येते. जे आजच सांगता येते ते बदलताही येते. गाडा शिवेपलीकडे ढकलणारी गावे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिली. गाडा शिवेवरच अडवून, मोडून, त्याच्या लाकडांचा दवाखाना बांधणारे गाव आपल्याला उभारावयाचे आहे.